वीकेंडच्या नकाशाबाहेरचं नंदुरबार

लोणावळा झालं, महाबळेश्वर झालं, अलिबागला तर आता रिसॉर्टचा वॉचमनही नावानं ओळखतो. गोव्याचे फोटो टाकले तर लाइक्स येत नाहीत. शेजारच्या क्युबिकलमधली मुलगी दिवाळीच्या सुट्टीत प्रागला जाऊन आली आणि तिथल्या पुलावरचे चौऱ्याऐंशी फोटो तुम्हाला लंच टाइममध्ये बघावे लागले. अशा वेळी कुणी म्हटलं, ‘या वेळी नंदुरबारला जाऊ या,’ तर काय होतं? टेबलावर दोन सेकंद शांतता पसरते. मग एकजण विचारतो, ‘ते गुजरातमध्ये आहे ना?’ आणि दुसरा, ज्याचे काका सरकारी नोकरीत होते, तो सांगतो, ‘काकांची बदली झाली होती तिकडे. पनिशमेंट पोस्टिंग!’

नंदुरबारचा आपल्याकडचा परिचय हा एवढाच. नाही म्हणायला कुपोषणाच्या बातम्या, निवडणुकीच्या आधी दिल्लीच्या नेत्यांच्या सभा, आणि तुमच्या पाकिटातलं आधार कार्ड. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीची सुरुवात ज्या जिल्ह्यातून झाली, त्याची आपल्याला ओळख नाही, असा हा मामला आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा काढलेला हा राज्याच्या वायव्य टोकाचा जिल्हा. उत्तरेला सातपुडा आणि त्याच्या पलीकडे नर्मदा, मधून वाहणारी तापी, पश्चिमेला गुजरात, वर मध्य प्रदेश. २०११ च्या जनगणनेनुसार इथले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. शहरात गुजराती, बाजारात अहिराणी, शहाद्याकडे गुजर बोली, डोंगरावर भिलोरी आणि पावरी. मुंबईच्या लोकलमध्येही इतक्या भाषा एका डब्यात सापडणार नाहीत.

एक बाक, दोन राज्यं

सुरतेकडून रेल्वेनं आलात तर जिल्ह्याची सुरुवातच भन्नाट होते. नवापूर स्टेशन! १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा सीमारेषा बरोबर या स्टेशनातून गेली. फलाट साधारण ८०० मीटर लांब. त्यातला ३०० मीटर महाराष्ट्रात, उरलेला ५०० मीटर गुजरातमध्ये. तिकीट महाराष्ट्रात काढायचं आणि स्टेशनमास्तरला भेटायचं तर गुजरातमध्ये जायचं. फलाटावर एक बाक आहे, अर्ध्यावर महाराष्ट्र लिहिलेलं आणि अर्ध्यावर गुजरात. नवरा-बायकोनं भांडून बाकाच्या दोन टोकांना बसायचं ठरवलं तर आंतरराज्य वाद होतो. घोषणा चार भाषांत: हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती.

युरोपात बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवर बार्ले नावाचं गाव आहे. तिथं सीमारेषा घरांमधून, दुकानांमधून जाते आणि ती बघायला जगभरचे लोक तिकीट काढून येतात. आपल्याकडे तीच गंमत पॅसेंजरच्या तिकिटात आहे. फक्त एक लक्षात ठेवा, गुजरातमध्ये दारूबंदी आहे. बाकावर बसल्या बसल्या खिशातली बाटली कुठल्या राज्यात आहे याचं भान असू द्या!

माणिक चौक ते मिरचीचा लाल गालिचा

नंदुरबार शहर ‘बघण्यासारखं’ नाही असं इथलेच लोक तुम्हाला सांगतील. त्यांचं ऐकू नका. हे गाव जुनं आहे, आणि चांगलंच जुनं. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादहून खंबायतच्या वाटेवर इथून गेला. इथले मराठे कसबी कारागीर आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, ते भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, असं त्यानं लिहून ठेवलं. पुढे सुरत-बुऱ्हाणपूर व्यापाराच्या वाटेवरचा हा महत्त्वाचा मुक्काम झाला. आज शहराच्या जुन्या गल्ल्यांमधून चालताना गुजराती पाट्या, जुन्या लाकडी खांबांची घरं आणि दुकानाच्या ओट्यावर बसलेले शेठ दिसले, की ती वाट अजून पूर्ण बंद झालेली नाही हे कळतं.

याच गल्ल्यांमध्ये माणिक चौक आहे. चौक लहान आहे. बाइक लावायला जागा शोधत असाल तर तो कधी मागे गेला ते कळणारही नाही. पण थांबा. ९ सप्टेंबर १९४२. ‘चले जाव’ सुरू होऊन बरोबर महिना झाला होता. शाळकरी मुलांची प्रभातफेरी निघाली, गुजरातीत घोषणा देत. पुढे तिरंगा घेऊन शिरीषकुमार मेहता, वय वर्षं पंधरा. पोलिसांनी अडवलं. बंदूक फेरीतल्या मुलींच्या दिशेनं रोखली गेली तेव्हा शिरीष पुढे झाला आणि ‘गोळी मारायची तर मला मार’ म्हणाला, असं गावात सांगतात. गोळ्या सुटल्या. शिरीषबरोबर धनसुखलाल वाणी, घनश्याम शहा, शशिधर केतकर आणि लालदास शहा हे चौघंही गेले. सगळी कोवळी पोरं. चौकात त्यांचं स्मारक आहे. पंधराव्या वर्षी आपण काय करत होतो, या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांच्या बाबतीत ‘दहावीचा क्लास’ असं येईल. स्मारकापाशी शाळेची पोरं अजूनही सायकली टेकवून गप्पा मारतात, आणि ते फार बरं वाटतं.

आता नाकाला रुमाल लावा. हिवाळ्यात आलात तर शहराबाहेर मिरचीच्या पथारी बघायलाच हव्यात. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. देशातल्या मोठ्या मिरची बाजारांमध्ये गुंटूरबरोबर नंदुरबारचं नाव घेतात. ओल्या लाल मिरच्यांचा लिलाव बाजार समितीत होतो, व्यापारी त्या पथारीवर पसरतात आणि मैदानच्या मैदान लाल होतं. वरून ड्रोननं काढलेले फोटो तुम्ही पाहिले असतील. ड्रोनच्या फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे त्या लाल गालिच्यावर वाकून बसलेल्या बायका. दिवसभर मिरची उलटीपालटी करायची, देठ खुडायचे, माल निवडायचा. हातांची आग संध्याकाळपर्यंत थांबत नाही. आपण पाच मिनिटांत शिंकून बेजार होतो आणि त्या आपल्याकडे बघून हसतात. ‘कुठून आले भाऊ? मुंबईचे का?’ इथल्या मराठीत ‘आलात’ नाही, ‘आले’. उद्धटपणा समजू नका, ही खान्देशी आपुलकी आहे. फापडा, शंकेश्वरी, जरेला अशी नावं ऐकून घ्या आणि घरी न्यायला किलोभर घ्या. अवकाळी पाऊस आला की ही सगळी पथारी एका रात्रीत सडते, म्हणून डिसेंबरात आकाशात ढग आले की इथले व्यापारी वर बघत बसतात, शेअर बाजार पडताना आपण स्क्रीनकडे बघतो तसे.

जेवणाचं वेगळं सांगायला नको. हे खान्देश आहे. दादर ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, शेवभाजी, तर्री बघूनच घाम. आमरसाच्या दिवसांत कुणाच्या घरी खापरावरची पुरणपोळी मिळाली तर परतीचं तिकीट रद्द करा. ‘मीडियम स्पायसी’ हा शब्द मात्र इथं वापरू नका, तो मेनूत नाही.

नदीकाठी: एक दगड, दोन हजार घोडे

तापीकाठचं प्रकाशा हे ‘दक्षिण काशी’. तापी, गोमाई आणि गुप्त मानलेली पुलिंदा यांचा संगम, केदारेश्वर आणि संगमेश्वराची देवळं, दगडी दीपमाळ. आजीला घेऊन जा, ती खूश होईल. तुम्ही स्वतः मात्र नदीकाठच्या मातीच्या उंचवट्याकडे बघा. १९५०च्या दशकात पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथं उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर सापडले. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी याच घाटावर भांडी घासत होतं. तासाभरात प्रकाशा होतं. पुढे चला, कारण डिसेंबर असेल तर खरी गर्दी सारंगखेड्यात आहे.

सारंगखेड्याला एकमुखी दत्ताचं देऊळ आहे आणि दत्तजयंतीला यात्रा भरते. यात्रेत घोडेबाजार! दोन हजारांवर घोडे एका मैदानात, हे वाक्य वाचणं वेगळं आणि त्यांच्या मधून चालणं वेगळं. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरा. कान आतल्या बाजूला वळून टोकाला टोक भिडली की मारवाडी, एवढं तरी पाठ करून जा. घोडेवाले रंगावर, उंचीवर आणि अंगावरच्या भोवऱ्यांवर तासन्‌तास बोलतात. कुठला भोवरा शुभ, कुठला मालकाला खाणारा, याचं अख्खं शास्त्र आहे. आपण गाडी घेताना मायलेज विचारतो, इथं चाल विचारतात. रेवाळ चालीचा घोडा पळताना स्वाराच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळत नाही म्हणे. काही घोड्यांच्या किमती कोटींत सांगितल्या जातात. ते विकायला आणलेले नसतात. ते मालकाची कॉलर ताठ करायला आणलेले असतात.

गेल्या दशकात याला ‘चेतक फेस्टिव्हल’ असं नाव मिळालं. तंबू, स्टेज, घोड्यांच्या स्पर्धा, सेलिब्रिटी. छान आहे, पण आमचं मत विचाराल तर स्टेजकडे पाठ करून पहाटे बाजारात जा. धुकं असतं, घोड्यांच्या नाकातून वाफा निघत असतात, शेकोटीवर चहा उकळत असतो आणि दोन म्हातारे रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करत असतात. कोण किती म्हणालं ते तिसऱ्याला कळत नाही. तुमच्या अप्रेझल मीटिंगपेक्षा हा प्रकार जास्त सभ्य वाटतो.

तोरणमाळ, जिथं मोबाइल गप्प बसतो

शहाद्याहून पपई आणि केळीच्या बागा मागे टाकत रस्ता सातपुड्यात शिरतो. साधारण ५५ किलोमीटर. ‘सात पायरी’ घाटाची वळणं चढली की तोरणमाळ, समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर. राज्यातलं महाबळेश्वरनंतरचं दुसऱ्या क्रमांकाचं थंड हवेचं ठिकाण अशी पाटी गेली कित्येक वर्षं लावली जाते. पण महाबळेश्वर डोक्यात घेऊन गेलात तर निराशा होईल. मॅप्रो नाही, मॉल रोड नाही, स्ट्रॉबेरी क्रीम नाही. यशवंत तलाव आहे, कमळांचा तलाव आहे, सीताखाईची खोल दरी आहे, खडकी पॉइंट आहे, गोरखनाथाचं देऊळ आणि मच्छिंद्रनाथाची गुहा आहे. महाशिवरात्रीला तिन्ही राज्यांतून आदिवासी भाविक चालत येतात आणि हे एवढंसं गाव फुलून जातं. एरवी संध्याकाळी सातनंतर आवाज फक्त किड्यांचा. रेंज आली तर आली. बॉसला आधीच सांगून ठेवा.

पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात जावं. ज्यांना पायाला खाज आहे त्यांनी दिवाळीत तळोद्याकडून अस्तंबा चढावा. १३२५ मीटर उंचीचं हे शिखर अश्वत्थाम्याचं. कपाळावरच्या जखमेसाठी तो अजून तेल मागत फिरतो, वाट चुकलेल्याला रस्ता दाखवतो, अशी श्रद्धा आहे. धनत्रयोदशीपासून हजारो तरुण रात्रभर डोंगर चढतात. ट्रेकिंग शूज, हायड्रेशन पॅक वगैरे घालून तुम्ही धापा टाकत असाल आणि शेजारून एखादा पोरगा स्लिपर घालून, खांद्यावर भावाला घेऊन पुढे जाईल. वाईट वाटून घेऊ नका.

काठीची होळी

आणि आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच, ती गोष्ट.

नंदुरबारहून तळोदा, अक्कलकुवा, मग देवगोईचा घाट, मोलगी. तिथून जवळच काठी. एकेकाळचं छोटं संस्थान. इथली राजवाडी होळी १२४६ सालापासून चालत आल्याचं मानतात. होळीचा दांडा म्हणजे गुजरातच्या जंगलातून माणसांनी वाहून आणलेला उंचच उंच बांबू. तो रोवायचा खड्डा अवजारानं नाही, हातांनी खणायची रीत आहे. रात्र चढते तशी डोंगराच्या वाटांवरून गावं उतरायला लागतात. गाव म्हणजे अख्खं गाव, आपापल्या ढोलांसकट. एकेक ढोल बैलगाडीच्या चाकाएवढा. मोरपिसांचे उंच टोप घातलेले, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरू बांधलेले, अंगावर राखेचे ठिपके काढलेले पुरुष. कुणी बावा, कुणी बुध्या. रात्रभर गोल नाच. आणि होळी पेटते ती पहाटे, उजाडताना.

जे हा वेश घेतात त्यांनी काही दिवस आधीपासून पालनी पाळलेली असते. खाटेवर झोपायचं नाही, पायात काही घालायचं नाही, ब्रह्मचर्य राखायचं. नवस असतो, कुणाच्या पोराच्या आजारपणाचा, कुणाच्या शेताचा. हा फॅन्सी ड्रेस नाही, एवढं एकदा कळलं की पुढचं सोपं होतं.

कारण गेल्या काही वर्षांत इथं कॅमेरे फार झालेत. मोठ्या लेन्सवाले ग्रुपनं येतात, नाचाच्या रिंगणात घुसतात, बुध्याला हात धरून बाजूला ओढतात, ‘इकडे बघ, हसू नको, रागीट चेहरा कर’ म्हणतात. पहाटेची पूजा चालू असताना मध्ये ड्रोन घोंगावतो. एखाद्या मुलीचा क्लोजअप तिला न विचारता काढला जातो आणि तो ‘ट्रायबल ब्यूटी’ म्हणून कुठल्या तरी स्पर्धेत बक्षीस मिळवतो. तिला ते कधी कळतही नाही. आता जरा उलटं करून बघा. तुमच्या घरी गौरी बसल्यात, आई सोवळ्यात आहे, आणि दोन अनोळखी लोक देवघरात शिरून तिला म्हणताहेत, ‘काकू, पदर जरा सरळ करा, लाइट येत नाहीये.’

एक गोष्ट फोटोत कधीच येत नाही. रिंगणात नाचणाऱ्यांपैकी अनेकजण दोन-चार दिवसांपूर्वीच गावी पोचलेले असतात. दिवाळी झाली, की या डोंगरांमधली घरं रिकामी होतात. माणसं मुलाबाळांसह गुजरातेत ऊस तोडायला, बांधकामावर, शेतमजुरीला जातात. होळीला मात्र कसंही करून यायचंच. जीपच्या टपावर बसून, उभ्यानं, मुकादमाशी भांडून, उचल अंगावर ठेवून. होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात नवे कपडे, चांदी, डाळ्या-गूळ, हार-कंगन घ्यायचे, होळी खेळायची आणि बरेचजण पुन्हा कामावर परततात. कोकणातला चाकरमानी गणपतीला ज्या ओढीनं एसटीत कोंबून घेतो, तीच ही ओढ आहे. फरक इतका, की चाकरमान्याला रजा असते. इथं रजा म्हणजे बुडालेली मजुरी.

म्हणून इथं जावं का? जावं, नक्की जावं. लोक प्रेमानं जागा देतात, हात धरून नाचात घेतात. फक्त आपण वऱ्हाडी म्हणून जावं, वराच्या खुर्चीत बसू नये. कॅमेरा पहिले दोन तास बॅगेत ठेवा. कुणाचा जवळून फोटो हवा असेल तर विचारा, आणि नाही म्हटलं तर गोड हसून सोडून द्या. मुलांना पैसे वाटू नका. त्याऐवजी मोलगीच्या बाजारातून आमचूर, मोहाची फुलं, भगर विकत घ्या, आणि घासाघीस करायची खुमखुमी मुंबईतच ठेवून या.

आणखी उत्तरेला डोंगर उतरत गेलं की नर्मदा. इथं सध्या दिसतो तो सरदार सरोवराचा फुगवटा. निळं-हिरवं पाणी, मध्ये बुडालेल्या टेकड्यांची बेटं, फोटोला एकदम परफेक्ट. या पाण्याखाली आणि काठाला अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली बुडित ३३ गावं आहेत. मणिबेली त्यातलं पहिलं. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं. खाली केवडियाला २०१८ पासून १८२ मीटरचा पुतळा उभा आहे आणि तिथं तिकिटाच्या रांगा लागतात. वरच्या बाजूला काठावरच्या पाड्यांना दवाखाना गाठायला होडी लागते. शाळाही पाड्यावर सहज आली नाही. नर्मदा बचाओ आंदोलनानं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून इथं जीवनशाळा चालवल्या, त्यात शिकलेली पोरं पुढे शिक्षक झाली. स्थानिक ओळख असेल तर एखाद्या पाड्यावर रात्र काढा. ‘बॅकवॉटर क्रूझ’ शोधायला मात्र इथं येऊ नका.

कधी, कसं?

मुंबईहून सुरतमार्गे रेल्वे थेट नंदुरबारला उतरवते. रात्री बसलात की सकाळी पोचता. नाशिक, धुळ्याहून एसटी आहेत. पुण्याहून गाडीनं यायचं तर दहा तास धरा आणि ड्रायव्हिंगला दोघं ठेवा. दोन दिवसांत सगळं उरकायचा प्लॅन नको. एका खेपेला शहर, प्रकाशा आणि तोरणमाळ. दुसऱ्या खेपेला, मार्गशीर्ष पौर्णिमा बघून, सारंगखेडा. होळीसाठी वेगळी रजा टाका, कारण रात्रभर जागल्यावर सोमवारी ऑफिस जमत नाही. चांदसैली आणि देवगोईचे घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद पडतात, आदल्या दिवशी विचारून निघा. तोरणमाळला राहायच्या खोल्या मोजक्याच आहेत, फोन करून ठेवा. पेट्रोल शहाद्यालाच भरा, रोकड जवळ ठेवा.

आणि ती मिरची दुहेरी पिशवीत बांधून घ्या. लॅपटॉपच्या बॅगेत अजिबात ठेवू नका.